मेन सप्लाय गेला, पण कपलर लागलाच नाही: स्वयंचलित चेंजओव्हरमधला बिघाड कसा शोधायचा

दोन इनकमर (बाहेरची वीज बसवर, म्हणजे पॅनेलमधल्या सामाईक पट्ट्यांवर, घेणारे ब्रेकर), मधे दोन बस जोडणारा ब्रेकर म्हणजे बस कपलर, बाजूला जनरेटर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा पीएलसी (प्रोग्रॅम भरलेला नियंत्रक) किंवा ट्रान्सफर रिले. मोठं सबस्टेशन असो, रुग्णालय, पंपघर किंवा डेटा सेंटर असो, मांडणी थोड्याफार फरकाने हीच असते. नेहमीच्या स्थितीत दोन्ही इनकमर लागलेले, म्हणजे वीज जाऊ देणारे, आणि कपलर उघडा, म्हणजे वाट तोडलेला. एका बाजूचा सप्लाय गेला की त्या बाजूचा इनकमर उघडायचा आणि कपलर लावायचा. दोन्ही बाजू गेल्या तर जनरेटर सुरू करायचा. याच आपोआप बदलाला चेंजओव्हर म्हणतात. कागदावर एवढंच आहे.

या कामात नवीन असलेला माणूस बिघाड झाला की लॅपटॉप काढतो आणि पीएलसीचा प्रोग्रॅम उघडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कालपर्यंत नीट चाललेला प्रोग्रॅम रातोरात बदलत नाही. बदलतात ते त्याला बातमी पुरवणारे कॉन्टॅक्ट, फ्यूज, बॅटऱ्या आणि कुणीतरी फिरवून ठेवलेले सिलेक्टर स्विच. त्यामुळे पुढचा क्रम बाहेरून आत जाणारा आहे. प्रोग्रॅमची पाळी सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा ती येतच नाही.

आधी हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- सिंगल लाइन डायग्राम आणि टर्मिनल नंबरसह कंट्रोल स्किमॅटिक. डिझाइनच्या वेळचं नव्हे, प्रत्यक्ष वायरिंगप्रमाणे दुरुस्त केलेलं.
- मंजूर झालेली रिले सेटिंग शीट, आणि रिलेमधून आज वाचून घेतलेली सेटिंग. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा. तफावत निघाली तर अर्धं काम तिथेच झालं.
- चेंजओव्हरचा क्रम शब्दांत सांगणारं टिपण: कोणत्या अटीवर काय, किती सेकंदांनी.
- मागच्या चाचण्यांचे अहवाल आणि मधल्या काळात पॅनेलवर झालेल्या कामांची यादी.

साधनं:
- किमान कॅट-३ दर्जाचा मल्टिमीटर. त्यात कमी इम्पीडन्सचा मोड आणि किमान-कमाल नोंद ठेवणारं बटण असेल तर उत्तम.
- डीसी करंट मोजणारा क्लॅम्पमीटर, फेज सीक्वेन्स इंडिकेटर, सेकंडरी इंजेक्शन किट (रिलेला बाहेरून व्होल्टेज-करंट देऊन तपासणारं).
- रिलेचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप आणि त्या रिलेची नेमकी केबल. केबल हमखास विसरते.
- पीटीचे (मोठं व्होल्टेज मोजण्याजोगं लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) सुटे फ्यूज, कुलपं आणि टॅग, हाय व्होल्टेज डिटेक्टर, पॅनेलच्या आर्क फ्लॅश (ठिणगीचा स्फोट) पातळीला पुरेल असा सूट आणि फेस शील्ड.

मीटरबद्दल एक सूचना. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओम असतो. लांब कंट्रोल केबलमध्ये शेजारच्या वायरीतून झिरपलेलं व्होल्टेजही तो इमानेइतबारे दाखवतो. ‘टर्मिनलवर ८० व्होल्ट आहेत, तरी रिले उचलत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा यातूनच जन्मते. कमी इम्पीडन्सच्या मोडवर किंवा टेस्ट लॅम्पने पाहा. खोटं व्होल्टेज लगेच कोसळतं.

१. रीसेट करण्याआधी सगळं टिपून घ्या

सप्लाय परत आल्यावर प्रत्येकाची पहिली ऊर्मी रीसेट बटणाकडे जाते. थांबा. रिलेचे फ्लॅग, लॉकआउटची (फॉल्टनंतर ब्रेकर पुन्हा लागू न देणारा रिले) स्थिती, ब्रेकरवरचे झेंडे, स्प्रिंग चार्ज आहे की नाही आणि ब्रेकरच्या काउंटरचा आकडा यांचे फोटो घ्या. काउंटर महत्त्वाचा, कारण ‘कपलर लागलाच नाही’ आणि ‘कपलर लागून लगेच ट्रिप झाला’ हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. ऑपरेटरच्या डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

मग रिलेमधला इव्हेंट लॉग आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड उतरवून घ्या. रिलेची मेमरी मर्यादित असते आणि तुम्ही चाचण्या सुरू केल्या की जुनी नोंद पुसली जाते. रिले, पीएलसी, स्काडा (दुरून देखरेख करणारी संगणक यंत्रणा) आणि जनरेटर कंट्रोलर या चौघांची घड्याळं एकाच मनगटी घड्याळाशी ताडून प्रत्येकाचा फरक सेकंदात लिहून ठेवा. जिथे वेळ सिंक्रोनाइज केलेली नाही तिथे मिनिटांचे फरक निघतात, आणि तो फरक वजा न करता लावलेली घटनांची साखळी उलटी लागते.

ऑपरेटरला विचारा, पहिल्या पाच मिनिटांत त्याने काय केलं. जबाबदार ऑपरेटर अंधार झाला की सिलेक्टर मॅन्युअलवर घेऊन हाताने सप्लाय देतो. ते बरोबरच आहे. पण तुम्ही पोचल्यावर सिलेक्टर मॅन्युअलवर दिसला म्हणून ‘हेच कारण’ असं ठरवू नका. घटनेच्या क्षणी तो कुठे होता हे लॉगमध्ये पाहा.

२. मेलेली बस जिवंत होऊ शकते

स्वयंचलित यंत्रणेचा धोका वेगळा आहे. तुम्ही एखादा कॉन्टॅक्ट साफ केलात आणि अडलेली अट पूर्ण झाली, तर ब्रेकर त्याच क्षणी लागेल. काम सुरू करण्याआधी सिलेक्टर मॅन्युअलवर, क्लोजिंग सर्किटचा एमसीबी (छोटा ब्रेकर) बंद, जनरेटरचा कंट्रोलर ऑफवर आणि त्याची स्टार्टिंग बॅटरी सोडवलेली असावी. प्रत्येकावर कुलूप आणि टॅग. पॉवरच्या भागात हात घालायचा असेल तर ब्रेकर रॅक आऊट (जागेवरून बाहेर ओढलेला), डिटेक्टरने खातरजमा, मग अर्थिंग. दोन्ही बाजूंनी वीज येऊ शकते, म्हणून दोन्ही बाजूंना.

तीन गोष्टी नवख्यांना कुणी सांगत नाही. पहिली: सीटीची (करंट मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी चालू लोडवर कधीही उघडू नका, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. दुसरी: पीटी सर्किटमध्ये बाहेरून ११० व्होल्ट टाकून रिले तपासत असाल तर आधी टेस्ट ब्लॉकवर (चाचणीसाठी सर्किट तोडायची जागा) पीटी वेगळा करा. नाहीतर ११ किलोव्होल्टच्या पीटीत ते उलटं चढून प्राथमिक बाजूला ११ किलोव्होल्ट उभे राहतात, तेही ‘मेलेल्या’ बसवर. तिसरी: ब्रेकरची स्प्रिंग चार्ज असेल तर सप्लाय तोडल्यावरही तिच्यात बोटं चिरडण्याइतकी ताकद असते. आधी डिस्चार्ज करा.

३. बिघाड कोणत्या टप्प्यात, ते ठरवा

चेंजओव्हर होण्यासाठी तीन गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. सप्लाय गेल्याचं यंत्रणेला दिसायला हवं, दुसऱ्या बाजूला जाण्याची परवानगी मिळायला हवी, आणि ब्रेकरने हुकूम पाळायला हवा. लॉग पाहून यातलं कुठे अडलं ते आधी ठरवा:

- सप्लाय गेला, पण इनकमर उघडलाच नाही: दिसण्यात गडबड किंवा ट्रिप सर्किटमध्ये.
- इनकमर उघडला, कपलरला हुकूमच सुटला नाही: परवानगी अडली.
- हुकूम सुटला, कपलर लागला नाही: ब्रेकर किंवा डीसी सप्लाय (ब्रेकर चालवणारा बॅटरीवरचा सप्लाय).
- कपलर लागला आणि क्षणात ट्रिप झाला: बसवर फॉल्ट, ट्रान्सफॉर्मरचा इनरश (लावताक्षणी ओढला जाणारा मोठा करंट), किंवा सगळे मोटर एकदम उठले.
- सप्लाय कुठेच गेला नव्हता, तरी चेंजओव्हर झाला: पीटीचा फ्यूज. सगळ्यात आधी तोच पाहा.

४. सप्लाय गेल्याचं दिसलं का?

अंडरव्होल्टेज रिले, म्हणजे स्किमॅटिकमधला २७ नंबर, पीटीच्या सेकंडरीवर बसलेला असतो. तिथला एक फ्यूज उडाला की त्याला वाटतं सप्लाय गेला. म्हणून चांगल्या रिलेमध्ये फ्यूज फेल्युअरचं लॉजिक असतं: व्होल्टेज गेलं, पण करंट पूर्वीसारखाच वाहतोय, तर दोष पीटीत आहे, चेंजओव्हर रोखा. हे लॉजिक सेटिंगमध्ये चालू आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी ते बंदच असतं. उलट बाजूही आहे. पीटीचा सैल फ्यूज अधूनमधून संपर्क सोडत असेल तर हेच लॉजिक खऱ्या वेळीही चेंजओव्हर अडवून धरतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एकच फेज जाणं. खाली मोठे मोटर फिरत असतील तर ते गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करतात आणि ते जवळजवळ पूर्ण दिसतं. ८० टक्क्यांवर सेट केलेला रिले शांत राहतो, मोटर तापत जातात, आणि शेवटी एकेक फीडर ओव्हरलोडवर सुटतो. अशा ठिकाणी नुसता २७ पुरत नाही. ऋण-अनुक्रम व्होल्टेज, म्हणजे तीन फेजमधला असमतोल, पाहणारा ४७ नंबरचा रिले चेंजओव्हरच्या लॉजिकमध्ये जोडलेला असावा लागतो. बऱ्याचदा तो असतो, पण फक्त अलार्मला जोडलेला.

सेटिंग पाहताना सर्वसाधारण मापं लक्षात ठेवा: सप्लाय ‘गेला’ म्हणायला ८५ टक्क्यांच्या आसपास, ‘परत आला’ म्हणायला ९० टक्के. या दोन आकड्यांत अंतर नसेल, तर काठावर रेंगाळणाऱ्या व्होल्टेजवर यंत्रणा इकडून तिकडे झोके घेत राहते. पीटीचं गुणोत्तर रिलेमध्ये चुकीचं भरलं असेल तर टक्केवारीला अर्थच उरत नाही. म्हणून डिस्प्लेवरचं व्होल्टेज आणि टर्मिनलवर मोजलेलं व्होल्टेज एकदा गुणून पडताळा.

५. परवानगी कुठे अडली?

इथेच सर्वाधिक वेळ द्या. कपलर लागण्याआधी साधारण इतक्या अटी एका साखळीत असतात: सिलेक्टर ऑटोवर, कोणताही लॉकआउट नाही, मेलेल्या बाजूचा इनकमर उघडा, कपलर सर्व्हिस पोझिशनमध्ये (पूर्ण आत, बसला जोडलेला), स्प्रिंग चार्ज, समोरची बस निरोगी, मेलेल्या बसवरचं उरलेलं व्होल्टेज खाली आलेलं, डीसी निरोगी. यातली एक तुटली तरी साखळी तुटते. आणि बहुतेक यंत्रणा कोणती कडी तुटली ते सांगत नाहीत. फक्त ‘ट्रान्सफर ब्लॉक्ड’ म्हणून मोकळ्या होतात.

शोधायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. पॉवरच्या बाजूने सगळं वेगळं करून ब्रेकर टेस्ट पोझिशनमध्ये (बसपासून सुटा, पण कंट्रोल वायरिंग जोडलेलं) घ्या. इथे क्लोजिंगचा एमसीबी चालू करावा लागतो, तेव्हा लोकांना दूर करा. सर्व्हिस पोझिशनची कडी आता अर्थातच उघडी दिसेल, तेवढी हिशेबातून वगळा. मीटरचा काळा प्रोब डीसीच्या ऋण टर्मिनलवर ठेवा, अर्थवर नव्हे. ११० व्होल्टची डीसी यंत्रणा सहसा अर्थपासून अलग असते, आणि अर्थच्या संदर्भात निरोगी सर्किटही जेमतेम ५५ व्होल्ट दाखवतं. मग लाल प्रोब धन टोकापासून एकेका कॉन्टॅक्टच्या पलीकडे नेत जा. जिथे व्होल्टेज नाहीसं होतं, तो कॉन्टॅक्ट दोषी. साखळी पीएलसीच्या आत असेल तर हेच काम इनपुट कार्डवरच्या दिव्यांनी करा. पण दिवा आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज दोन्ही पाहा.

आता नेहमीचे गुन्हेगार.

लॉकआउट रिले, नंबर ८६. इनकमर ओव्हरकरंटवर सुटला असेल तर दोष बहुधा बसवर किंवा खालच्या फीडरवर आहे. अशा वेळी कपलर लावणं म्हणजे निरोगी अर्धा भागही त्याच आगीत ढकलणं. ८६ ते रोखतो. त्यामुळे तो पडलेला दिसला तर चेंजओव्हर न होणं हे बरोबर वर्तन आहे, आणि तपास फॉल्टचा करायचा. त्याला जंपर मारून, म्हणजे वायर टाकून बगल देऊन, कपलर लावू नका, कितीही वरून फोन येऊ देत. दोष तेव्हा मानायचा, जेव्हा ८६ साध्या अंडरव्होल्टेज ट्रिपवरही पडतो. म्हणजे कुणीतरी २७ चा ट्रिप थेट ब्रेकरच्या कॉइलला देण्याऐवजी ८६ मधून नेलाय. ही वायरिंगमधली चूक नव्या पॅनेलमध्येही सापडते.

ब्रेकरचे ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट. ‘ए’ कॉन्टॅक्ट ब्रेकरबरोबर लागतो आणि उघडतो, ‘बी’ त्याच्या उलट. इनकमर उघडला तरी त्याच्या ऑक्झिलरी स्विचची दांडी अर्धवट फिरली, तर ‘बी’ लागत नाही. पीएलसीला वाटतं इनकमर अजून लागलेलाच आहे, आणि तीनपैकी दोनच ब्रेकर लागू देणारा इंटरलॉक कपलरला अडवतो. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही एकाच वेळी उघडे किंवा दोन्ही लागलेले दिसले तर शंका उरत नाही. हा दोष कधी दिसतो, कधी नाही. म्हणून ब्रेकर निदान दहा वेळा चालवून प्रत्येक वेळी दोन्ही कॉन्टॅक्ट मोजा.

पोझिशन स्विच. देखभालीनंतर ब्रेकर रॅक इन केला, हँडल शेवटचा अर्धा फेरा फिरलं नाही, आणि ‘सर्व्हिस’चा लिमिट स्विच दबला नाही. पॅनेलवरचा दिवा दुसऱ्या कॉन्टॅक्टवर चालत असेल तर तो खुशाल ‘सर्व्हिस’ दाखवतो.

बसवरचं उरलेलं व्होल्टेज. सप्लाय गेल्यावर फिरते मोटर काही काळ जनरेटरसारखे वागतात. ते व्होल्टेज पूर्ण असताना, आणि नव्या सप्लायशी कोन जुळत नसताना कपलर लावला तर मोटरच्या शाफ्टला आणि वाइंडिंगला जबर हिसका बसतो. मोटरच्या प्रचलित मानकांत दोन व्होल्टेजमधला परिणामी फरक, व्होल्ट-प्रति-हर्ट्झमध्ये, नाममात्र मूल्याच्या १.३३ पटीच्या आत ठेवायला सांगितलं आहे. म्हणून संथ चेंजओव्हरमध्ये उरलेलं व्होल्टेज २५ ते ३० टक्क्यांखाली येईपर्यंत थांबायचं असतं. जड चाकाचे पंखे किंवा दाबयंत्रं असतील तर हे खाली यायला काही सेकंद लागू शकतात. आणि पीएलसीत ‘एवढ्या सेकंदांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर चेंजओव्हर रद्द’ असा टाइमर असेल, तर परवानगी येते ती वरातीमागून घोडं. रविवारी, लोड कमी असताना यंत्रणा नीट चालते आणि भर लोडवर चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

६. ब्रेकरने हुकूम पाळला का?

दोन आकडे पाठ करून ठेवा. ब्रेकरच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार डीसी ट्रिप कॉइलने नाममात्र व्होल्टेजच्या ७० टक्क्यांपर्यंत काम केलं पाहिजे, पण क्लोजिंग कॉइलची हमी ८५ टक्क्यांपर्यंतच असते. ११० व्होल्टच्या यंत्रणेत हे अनुक्रमे ७७ आणि ९३.५ व्होल्ट होतात. या दोन्हींच्या मधे डीसी घसरला तर इनकमर बिनचूक उघडतो आणि कपलर लागत नाही. लक्षण हेच असेल तर स्किमॅटिक बाजूला ठेवा आणि बॅटरीकडे जा.

बॅटरीची तपासणी चार्जर चालू ठेवून करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ५५ सेलची लेड-ॲसिड बँक फ्लोटवर (चार्जर तिला भरलेली ठेवत असताना) साधारण १२४ व्होल्ट दाखवते, आणि बँकेतला एखादा जोड पूर्ण तुटलेला असला तरी चार्जर तेच १२४ दाखवत राहतो. सप्लाय जातो, त्याबरोबर चार्जरही जातो, आणि उरतं काहीच नाही. परवाना घेऊन चार्जर बंद करा, अर्धा तास नेहमीचा डीसी लोड राहू द्या, मग ब्रेकर चालवा. मीटर किमान-कमाल मोडवर, आणि प्रोब कॉइलच्या टर्मिनलवर. बॅटरीच्या खोलीत नव्हे. लांब आणि बारीक केबलमध्ये वाटेतच दहा-बारा व्होल्ट गेलेले असू शकतात. स्प्रिंगची मोटर त्याच वेळी चालू झाली तर घसरण आणखी वाढते.

दुसरा छुपा प्रकार अँटी-पंपिंगचा. ब्रेकरला क्लोजचा हुकूम सतत मिळत राहिला आणि मधे ट्रिप झाला, तर तो पुन्हापुन्हा लागू नये म्हणून अँटी-पंपिंग रिले क्लोजिंग सर्किट तोडून धरतो. हुकूम पूर्ण काढून घेईपर्यंत तो सुटत नाही. पीएलसीच्या आउटपुट रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला, तर कपलर कायमचा अडकतो: कॉइल चांगली, स्प्रिंग चार्ज, व्होल्टेज पुरेसं, तरी ब्रेकर ढिम्म. उघड्या ब्रेकरवर, कोणताही हुकूम नसताना क्लोजच्या टर्मिनलवर व्होल्टेज दिसलं की ओळखा. क्लोजचा हुकूम नेहमी पल्स असावा, अर्ध्या ते एका सेकंदाचा.

बाकीचं लवकर आटोपतं: क्लोजिंगचा एमसीबी पडलेला, स्प्रिंग मोटरचा लिमिट स्विच बिघडलेला, गॅस ब्रेकरमध्ये दाब कमी झाल्याचा लॉक, कॉइलची प्लग पिन वाकलेली. ग्रीस सुकून यंत्रणा जड झालेली असेल तर पहिला प्रयत्न फसतो आणि दुसरा यशस्वी होतो. म्हणून पहिल्या प्रयत्नाचीच वेळ मोजा. चार वेळा चालवून ‘आता ठीक आहे’ म्हणणं म्हणजे पुरावा पुसणं.

७. जनरेटर सुरू झाला, पण लोड घेतला नाही

सुरूच झाला नाही तर स्टार्टिंग बॅटरी, इंधनाचा वॉल्व्ह, इमर्जन्सी स्टॉप आणि कंट्रोलरचा ऑटो मोड, या क्रमाने पाहा. २४ व्होल्टची बॅटरी क्रँकिंगमध्ये १८-१९ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती बदलायची वेळ झाली. तेवढ्या घसरणीत कधीकधी कंट्रोलरच रीबूट होतो आणि स्टार्टचा हुकूम विसरतो. स्टार्टचा सिग्नल सप्लाय गेल्यावर आपोआप लागणाऱ्या कोरड्या, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेल्या, कॉन्टॅक्टचा असावा. तो पाठवणाऱ्या रिलेलाच वीज लागत असेल तर मांडणी चुकली आहे.

इंजिन चालू आहे, तरी ट्रान्सफर स्विच (लोड मेनवर किंवा जनरेटरवर वळवणारा) तिकडे जात नसेल तर त्याच्या ‘सप्लाय स्वीकार्य’ या अटी पाहा. सर्वसाधारणपणे व्होल्टेज ९० आणि फ्रीक्वेन्सी ९५ टक्के. व्होल्टेज पुरेसं असून फ्रीक्वेन्सी थोडी कमी असते, कारण इंजिनचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरला कुणी हात लावलेला असतो. फेज सीक्वेन्सही तपासा, विशेषतः जनरेटरची केबल नुकती बदलली असेल तर.

लोड घेतला आणि लगेच सोडला, तर एकाच वेळी किती लोड पडतो ते मोजा. एका घासात सगळा लोड टाकला की फ्रीक्वेन्सी कोसळते, स्विचला जनरेटर ‘वाईट’ वाटतो, तो सोडतो, जनरेटर सावरतो, स्विच पुन्हा जातो. उपाय सेटिंग सैल करणं हा नव्हे. लोड पाच-दहा सेकंदांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने द्या. हलक्या लोडवरच्या मोठ्या यूपीएसचे इनपुट फिल्टर उलटा त्रास देतात: कपॅसिटिव्ह लोडमुळे जनरेटरचं व्होल्टेज वर चढतं आणि तो ओव्हरव्होल्टेजवर सुटतो. तिथे आधी मोटरचा लोड, मग यूपीएस.

८. वेळांचं गणित एका कागदावर मांडा

एका कंपनीने बसवलेलं वरचं पॅनेल आणि दुसरीने बसवलेलं खालचं ट्रान्सफर स्विच यांच्या वेळा कुणीच एकत्र पाहिलेल्या नसतात. उदाहरण घ्या. वरच्या पॅनेलचा २७ दोन सेकंद थांबतो, इनकमर उघडायला ०.१, उरलेलं व्होल्टेज ओसरायला ०.५, कपलर लागायला ०.१. एकूण २.७ सेकंद. खालचं स्विच १ सेकंदावर सेट असेल तर वरचं काम पूर्ण होण्याआधीच ते जनरेटरला हाक मारतं. मग वीज परत आली, जनरेटरही सुरू झाला, आणि खालचा लोड उगाच दोनदा हलला. खालच्याला ३.५ सेकंद द्या. दुसरी मर्यादा खालून येते: २७ ची वेळ ही शेजारच्या फीडरवरचा फॉल्ट सुटायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवी, नाहीतर प्रत्येक फॉल्टच्या डुबकीवर चेंजओव्हर होईल.

९. परत मूळ सप्लायवर येताना

परतीची घाई नसते, म्हणून परतीचा टाइमर मोठा असतो. दहा ते तीस मिनिटं सप्लाय स्थिर दिसल्यावरच परत, आणि मग इंजिनला पाच मिनिटं थंड व्हायला. ‘परत जात नाही’ अशी तक्रार आली तर आधी हा टाइमर संपलाय का ते पाहा.

क्षणभर समांतर चालवून परत येणारी यंत्रणा असेल तर एक गंमत आहे. जनरेटरची फ्रीक्वेन्सी ग्रीडच्या इतकी बरोबरीने जुळते की दोघांमधला कोन सरकतच नाही. तो ५ अंशांच्या खिडकीबाहेर अडकला तर अडकलाच, आणि सिंक-चेक रिले, नंबर २५, परवानगी देत नाही. अशा साध्या यंत्रणेत जनरेटर ०.१ हर्ट्झने वर ठेवला की कोन हळूहळू फिरत खिडकीत येतो. आणि २५ ला मिळणारी दोन्ही व्होल्टेज एकाच फेजची आहेत ना, याची खात्री करा. एकीकडे लाइन ते लाइन आणि दुसरीकडे लाइन ते न्यूट्रल दिलं तर ३० अंशांचा फरक कायमचा राहतो.

जनरेटरवर असताना किंवा परतताना अर्थ फॉल्ट रिले विनाकारण पडत असेल तर न्यूट्रल पाहा. जनरेटरचा न्यूट्रल वेगळा अर्थ केलेला असून स्विच तीन पोलचा असेल तर न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी परततो आणि रिलेला तो गळतीसारखा दिसतो. तिथे चार पोलचं स्विच लागतं.

१०. टेस्ट बटणावर विश्वास ठेवू नका

पॅनेलवरचं टेस्ट बटण फक्त लॉजिकला खोटी बातमी देतं. त्या वेळी मेन सप्लाय जागेवर असतो: चार्जर चालू, पीएलसीच्या पॉवर सप्लायला वीज, नेटवर्क स्विच जिवंत. खऱ्या अंधारात यातलं काय बंद पडतं ते बटण सांगत नाही. पीएलसी ज्या सॉकेटवर आहे ते सॉकेट त्याच बसवर, किंवा दोन पॅनेलमधला सिग्नल ज्या नेटवर्क स्विचमधून जातो त्याला यूपीएस नाही, असे दोष फक्त खऱ्या चाचणीत उघडे पडतात. म्हणून दुरुस्तीनंतर ठरवून, लोडच्या मालकांना कळवून, वरचा ब्रेकर खरोखर उघडा. एकदा डावी बाजू, एकदा उजवी, एकदा दोन्ही. प्रत्येक वेळी लॉगमधून वेळा काढून आठव्या पायरीच्या कागदाशी ताडा.

चाचणी संपल्यावर जागा सोडण्याआधी: लावलेले आणि काढलेले जंपर मोजा, आकडा सारखाच हवा. टेस्ट ब्लॉकचे प्लग परत बसवले, पीटीचे फ्यूज जागेवर, ८६ रीसेट, सगळे डीसी एमसीबी वर, स्टार्टिंग बॅटरी जोडलेली, जनरेटर ऑटोवर. सिलेक्टर सगळ्यात शेवटी ऑटोवर घ्या, आणि त्याचा फोटो वेळेसह अहवालाला जोडा.